थॉर्नबेकमधली भर दुपार

१

"बाई, आमचं थॉर्नबेक गेलं."

रविवारी सकाळी नऊला नीराचा फोन आला, तेव्हा अहल्याबाई दिघे दांडिया बाजारातल्या आपल्या दोन खोल्यांत मटार सोलत बसल्या होत्या. अडुसष्टाव्या वर्षी फोनवर 'गेलं' असं ऐकलं की आधी कुणाचं तरी वय डोळ्यांपुढे येतं. बाईंना वाटलं, नीराच्या सासऱ्यांचंच काहीतरी झालं. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"पद्माकरराव बरे आहेत ना?"

"पप्पा आहेत. पण चित्र नाही. चौकट भिंतीवर तशीच, काच तशीच, आतलं चित्र तेवढं नाही. आणि देवेशनं विश्रामकाकांना धरलंय. तुम्ही या ने, प्लीज."

नीरा त्यांची जुनी विद्यार्थिनी. बाईंनी पस्तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवला. पुढे मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली, पण बाईंची उलटतपासणीची सवय काही बंद पडली नाही. शेजारणीची हरवलेली साखळी आणि एका भाडेकरूनं दडवलेलं मृत्युपत्र ही दोन प्रकरणं त्यांनी निस्तरली होती. तेव्हापासून बडोद्यातल्या ओळखीच्या मराठी घरांत काही नाहीसं झालं की पोलिसांच्या आधी बाईंना फोन जायचा. त्याचा त्यांना थोडा अभिमान होता, आणि तो लपवायची कला त्यांना कधी जमली नाही.

गोत्रीला शिर्क्यांच्या बंगल्याकडे जाणाऱ्या रिक्षात त्यांनी चित्राच्या गोष्टीची मनात उजळणी केली. ती ठाऊक नसेल असं मराठी घर शहरात सापडणं कठीणच. पद्माकररावांचे वडील पिलाजीराव शिर्के यांना संस्थानानं १९३६ साली इंग्लंडला पाठवलं होतं, शिळाछापावर रंगीत छपाई शिकायला. दोन वर्षं ते तिथे होते. तिथल्या एका रेल्वे कंपनीसाठी त्यांनी पोस्टर काढलं, थॉर्नबेक नावाच्या सहाशे वर्षं जुन्या खेड्याचं. छापलेलं पोस्टर कुणी पाहिलं नव्हतं, पण हातानं रंगवलेलं मूळ चित्र शिर्क्यांच्या दिवाणखान्यात होतं. दगडी पूल, चर्चचा मनोरा, गवताच्या छपरांची घरं, तांबूस झालेली झाडं आणि खाली ठसठशीत इंग्रजी अक्षरांत आगगाडीनं या म्हणून आमंत्रण. पद्माकररावांनी त्यावर चाळीस वर्षं व्याख्यानं दिली होती. आता खुद्द थॉर्नबेकच्या इतिहास मंडळाला त्याची खबर लागली होती. त्यांची एक तज्ज्ञ बाई उद्या, सोमवारी, चित्र बघायला येणार होती. सगळं जुळलं तर गावच्या पुलाशी पिलाजीरावांच्या नावाची पाटी लागणार होती.

आभाळ सकाळपासून भरून आलेलं. मावठाचे दिवस, पाऊसही पडत नव्हता आणि ऊनही पडत नव्हतं. बाईंना असल्या दिवसांचा राग होता.

बंगल्याच्या मागच्या ओट्यावर त्यांना एक पत्र्याची पेटी उघडी पडलेली दिसली. भोवती कपडे विखुरलेले, एक गुंडाळी सोडलेलं अंथरूण, देवाचा फोटो, आणि एक जुनं हिरवं लुगडं. त्या पसाऱ्यामध्ये विश्राम उभा होता. चौतीस वर्षं त्या घरात राबलेला माणूस, पण चारचौघांत कुणीतरी कपडे उतरवल्यासारखा हात छातीशी धरून.

"चार वाजेपर्यंत वेळ दिलाय त्याला," देवेश म्हणाला. "मग मी पोलीस स्टेशनला जाणार."

२

नीराचा नवरा देवेश पन्नाशीचा, आवाज मोठा आणि विचार घाईचा. त्यानं बाईंना बसूही न देता हिशेब मांडला.

"शनिवारी आम्ही दोघं पादरा गावात लग्नाला. दहाला निघालो, सहाला आलो. घरात फक्त पप्पा आणि विश्राम. पप्पा एकला जेवून झोपतात ते चारला उठतात. कानातलं मशीन काढलं की ढोल वाजवा, कळत नाही. कुलूप तुटलेलं नाही, खिडकी फुटलेली नाही. शुक्रवारी चित्र खाली काढून काच पुसली ती यानंच. आता सांगा, मी काय चुकीचं बोलतोय?"

"रात्री आल्यावर चित्र पाहिलंत?"

"थकलो होतो. दिवाही नाही लावला तिथे."

"सकाळी मी पडदे सरकवले तेव्हा दिसलं," नीरा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "आणि अभिजित येऊन गेला होता शनिवारी."

अभिजित म्हणजे पद्माकररावांचा भाचा. फ्लेक्स, निमंत्रणं, कॅलेंडरं छापायचा धंदा.

"साडेचारला आला, उद्यासाठी बॅनर ठेवून गेला," देवेश म्हणाला. "तो कशाला नेईल?"

"बॅनर कशातून आणले?"

"लांब नळीतून," तो म्हणाला. "ती घेऊन गेला परत."

बाईंनी चौकट टेबलावर उपडी ठेवायला सांगितली. मागची बाजू खाकी कागदानं बंद केलेली होती. चारी कडा सरळ, कोपऱ्यांना नीट घडी, कुठे सुरकुती नाही. कागद नवा कोरा होता. बाईंनी पर्समधलं भिंग काढलं. एके काळी ते नकाशे वाचायचं होतं, आता औषधांच्या बाटल्या वाचायचं.

"नीरा, चोर कसा असतो?"

"म्हणजे?"

"चौकट फोडेल, नाहीतर सबंध उचलून नेईल. फार तर मागचा कागद फाडून चित्र ओढून घेईल. चित्र नेल्यावर रिकाम्या चौकटीला नवा कागद कापून, मोजून, चिकटवून कोण देतं? आणि तो वाळेपर्यंत थांबून भिंतीवर परत कोण टांगतं?"

कडेला चिकटवणाची बारीक रेघ बाहेर आली होती. बाईंनी ती नखानं खरवडली. बाजारातला पांढरा गोंद नव्हता तो. कणकेची घरी शिजवलेली खळ होती आणि तिच्यात फिकट निळी झाक होती.

"मोरचूद," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

"ते तर पप्पा लिंबाच्या झाडावर मारतात," नीरा म्हणाली. "मागच्या फडताळात डबा आहे. सगळ्यांना माहीत आहे."

३

विश्रामशी बोलायला बाई ओट्यावरच बसल्या. त्यानं कपडे गोळा केले होते, पण पेटीत घातले नव्हते. लुगड्याची घडी मात्र करून मांडीवर ठेवली होती.

"बायकोचं?"

"हां. गेली त्याला सहा वरसं झाली."

"शुक्रवारी काच पुसलीस तेव्हा चित्र होतं?"

"होतं ने. पूल पुसला, मनोरा पुसला. दर दिवाळीला पुसतो, या टायमाला पाहुणे येणार म्हणून परत."

"मागचा कागद?"

"जुना होता. कोपऱ्यात फाटेलो. मी हात नाही लावत मागे. भाऊसाहेबांनी ना पाडली आहे." पद्माकररावांना तो भाऊसाहेब म्हणायचा.

"तुला काही चिकटवायचं असलं तर कशानं चिकटवतोस?"

तो गोंधळला. "दुकानातली ट्यूब. पाच रुपयावाली."

"शनिवारी दुपारी कुठे होतास?"

"जेवण वाढलं. मग चक्कीवर गेलो दळण घेऊन. तीनला आलो. चारला चहा करून दिला भाऊसाहेबांना. अभिजितभाई आले, त्यांनापण दिला." त्यानं लुगड्यावरून हात फिरवला. "बाई, गुरुवारी माझ्या नातीचं बोलणं आहे, आमच्या सावली गावात, मुलाकडे. पोरीकडे बघायला लोक येणार. पोलीस घरी आले तर ते लोक उंबऱ्यावरून परत जातील. तिचा काय गुन्हा?"

बाईंनी घड्याळात पाहिलं. चित्र सापडेल नाहीतर न सापडेल, इंग्लंडातल्या पुलाला पाटी लागेल नाहीतर न लागेल. हा माणूस चार वाजता चोर ठरणार होता, आणि ते एकदा झालं की पुसून निघत नाही.

"तुझा कुणावर संशय आहे?"

विश्रामनं मान खाली घातली. मग अगदी सावकाश म्हणाला, "मी काय सांगू? घरची चीज आहे, बाई. घरातच असेल."

बाईंना वाटलं, बिचारा स्वतःची समजूत घालतोय. त्या उठल्या. ही त्यांची त्या दिवसातली मोठी चूक होती, आणि ती त्यांना तेव्हा कळली नाही.

४

अभिजित अकराला आला, नळीसकट. त्यानं ती स्वतःच टेबलावर आपटून रिकामी दाखवली.

"बाई, तुम्ही मला सातवीत कॉपी करताना पकडलं होतं, त्यामुळे तुम्हाला माझा वहीम येणारच. पण मला मूळ चित्र कशाला हवं? माझ्याकडे त्याचा इतका मोठा स्कॅन आहे की त्यातल्या पुलाचे दगडही मोजता येतील. तीन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या कॅलेंडरसाठी मामांनी स्वतः करू दिला."

"तू चौकटीच्या मागे कागद लावायचा झाला तर?"

"दोन्हीकडून चिकटणारी टेप. दोन मिनिटांचं काम. आता खळ कोण शिजवतं?" तो हसला. "आजोबांच्या छापखान्यात शिजवायचे म्हणे. मामा लहानपणी तिथेच पडलेला असायचा."

बाई नीराकडे वळल्या. "ते कॅलेंडर आहे का घरात?"

नीरानं माळ्यावरच्या गठ्ठ्यातून ते शोधून आणलं. बाई खिडकीपाशी गेल्या. बाहेरचा उजेड राखेसारखा होता, पण चित्रातलं ऊन लख्ख. खरंच सुरेख काम. सपाट, धीट रंग, कुठे नाही उगाच कलाकुसर. पूल मातकट पिवळा, झाडं तांब्याच्या हंड्यासारखी, पुलावर टोपलीवाली बाई, तिच्यामागे कुत्रा. मनोऱ्यावर घड्याळ. घड्याळात बारा वाजलेले.

बाई भिंग लावून बघत राहिल्या. शाळेत दर वर्षी त्या मैदानात काठी रोवून बरोबर दुपारी पोरांना सावली मोजायला लावत. वैशाखात आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीच्याच पायाशी गोळा होते, हे त्यांनी हजारभर पोरांकडून तरी वहीत लिहून घेतलं असेल.

चित्रातल्या टोपलीवालीची सावली तिच्या पायाशी गोळा झाली होती. कुत्र्याची त्याच्या पोटाखाली. छपराची सावली भिंतीवर सरळ खाली उतरलेली.

"नीरा," बाईंचा आवाज बदलला, "इथे पिलाजीरावांनी काढलेलं दुसरं काही आहे? तिथे असताना काढलेलं?"

जिन्याजवळ पेन्सिलीचं एक छोटं रेखाटन टांगलेलं होतं. कुठलीशी इंग्रजी बाजारपेठ, खाली 'सप्टेंबर ३७, दुपारी १२' अशी मोडीतली नोंद आणि पिलाजीरावांची सही. बाईंनी ते कॅलेंडरशेजारी धरलं. रेखाटनात दिव्याच्या खांबाची सावली रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथपर्यंत पोचली होती.

"काय झालं, बाई?"

"इंग्लंड किती उत्तरेला आहे ते विसरलीस वाटतं. तिथे ऐन जूनमध्येसुद्धा भर दुपारी माणसाची सावली त्याच्या निम्मी पडते. आणि पानं तांबडी होतात तेव्हा, म्हणजे ऑक्टोबरात, माणसाच्या दुप्पट. पिलाजीरावांना ते माहीत होतं, हे बघ, त्यांनी पाहून काढलंय. दोन वर्षं रोज पाहिलेली दुपार माणूस चुकत नाही." त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "ही दुपार थॉर्नबेकची नाही. बडोद्याच्या वैशाखातली आहे. हे चित्र ज्यानं काढलं, तो माणूस इंग्लंडला कधी गेलाच नव्हता."

५

पद्माकरराव आपल्या खोलीत शाल पांघरून पडले होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, उंच, एके काळी देखणे. सकाळी पेटी उपसताना ते ओट्यावर उभे होते, मग आत येऊन पडले, चहासुद्धा घेतला नव्हता. दुःखानं, असं देवेश सांगत होता.

बाईंनी दार लोटलं आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे पद्माकररावांच्या आईचा, मोहनाबाईंचा, मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. फोटोच्या खालच्या कडेला भिंतीचा बोटभर पट्टा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. वर्षानुवर्षं एकाच जागी असलेली चौकट हल्लीच वर सरकली होती. मागची दोरी नव्यानं बांधली की असं होतं.

"मशीन कानात आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"मग ऐका. चोरानं रिकाम्या चौकटीला मागून कागद लावला, कारण उघडी पाठ त्याला बघवली नाही. तिच्यात कसर शिरते. त्यानं खळ शिजवली आणि तिच्यात मोरचूद टाकला, कारण छापखान्यात तसंच करतात, कीड लागू नये म्हणून. देवेशला खळ म्हणजे काय ते ठाऊक नाही. अभिजित टेप लावतो. विश्राम पाच रुपयांची ट्यूब वापरतो. या घरात मोरचुदाची खळ करणारा हात एकच उरलाय, पद्माकरराव. आणि उद्या तज्ज्ञ बाई भिंग घेऊन येणार याची भीती वाटावी असंही एकच माणूस."

पद्माकररावांनी शाल बाजूला केली.

"सावल्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला पंचवीस वर्षांपूर्वी कळलं होतं ते. व्याख्यान देताना. पडद्यावर चित्र मोठं दिसत होतं आणि मधेच मला दिसलं. पुढचं वाक्य आठवेना. लोकांना वाटलं, गहिवरून आलं." ते उठून बसले. "पण काढलं कुणी, ते मला आधीपासून माहीत होतं. मी सहा वर्षांचा होतो."

मग त्यांनी सांगितलं. पिलाजीराव इंग्लंडहून छपाई शिकून आले, पण तिथे त्यांना कुणी पोस्टर काढायला दिलं नव्हतं. यंत्र पुसायचं आणि शाई घोटायची एवढंच. घरी पाठवलेल्या पत्रांत मात्र त्यांनी थॉर्नबेकचं पोस्टर काढल्याची थाप रंगवली होती. इथे ती बातमी मोठी झाली. पन्नास साली, संस्थान विलीन झाल्यावर, नोकरी जायची वेळ आली. नव्या जागेसाठी समितीनं सांगितलं, इंग्लंडातलं काम दाखवा. पिलाजीराव दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत.

"तिसऱ्या दिवशी आईनं बाबांनी तिकडून पाठवलेली चित्रांची पोस्टकार्डं पुढ्यात मांडली. ती रांगोळीखेरीज काही काढत नसे, असा सगळ्यांचा समज. मागच्या अंगणात बसून, भर उन्हात, आठ दिवसांत तिनं ते गाव उभं केलं. वैशाख होता. सावल्या समोर दिसतील तशा काढल्या तिनं, दुसऱ्या कुठल्या तिला कशा ठाऊक असणार? पुठ्ठ्यावर चिकटवायला खळ मी ढवळली. तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, बाबांचं नाव जाईल असं कधी बोलायचं नाही. बाबांना नोकरी मिळाली. ती चौदा वर्षांनी गेली, तोवर त्या चित्राकडे तिनं मान वर करून पाहिलं नाही."

नीरा दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आजींचं आहे ते? आणि आपण इतकी वर्षं…"

"शपथ होती, नीरा."

"शपथ होती तोवर तुमचं मला पटतंय," बाई म्हणाल्या, आणि आता त्या खऱ्या चिडल्या होत्या. "पण आज सकाळी तुमच्यासमोर विश्रामची पेटी उपसली. ती कुणाची शपथ होती?"

पद्माकररावांनी आईच्या फोटोकडे पाहिलं.

"मला वाटलं, देवेश ओरडेल आणि गप्प बसेल," ते म्हणाले. "मग वाटलं, जेवण झाल्यावर सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर सकाळी का नाही सांगितलं म्हणून विचारतील."

नीरानं फोटो भिंतीवरून उतरवला. मागचा कागद नवा होता, कडेला तीच निळसर रेघ. तिनं तो सोडवला. थॉर्नबेक आतमध्ये होतं, मोहनाबाईंच्या पाठीला पाठ लावून.

देवेश आला, त्यानं चित्र पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "मी विश्रामला सांगतो," म्हणून तो मागे धावला. लगेच परत आला.

"खोली रिकामी आहे. किल्ली कडीला लावलीय. पेटी घेऊन गेलाय."

६

सावली गावात पोचेपर्यंत साडेतीन झाले होते. गाडी नीरा चालवत होती. देवेशनं येतो म्हटलं, तेव्हा बाईंनी त्याला बसवून ठेवलं. ज्यानं चोर म्हटलं त्याच्यापेक्षा ज्याला खरं माहीत होतं त्यानं जायला हवं, असं त्यांचं मत. पद्माकरराव मागच्या सीटवर शाल घट्ट धरून होते. वाटेत ते एकदाच बोलले. "उद्या त्या बाईंना मी स्वतः सांगेन. आईचं नाव सांगेन. पाटी लागो न लागो." नीरानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

विश्रामच्या मुलाचं घर गावाच्या टोकाला होतं, पत्र्याचं, पुढे शेणानं सारवलेलं छोटं अंगण. अंगणात पेटी ठेवलेली होती. विश्राम त्यांना बघून उठला, आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, हातानं पुसली आणि पद्माकररावांपुढे ठेवली. सून पाणी देऊन गेली. नात दाराआडून बघत होती.

पद्माकरराव बसले नाहीत. चाळीस वर्षं व्याख्यानं दिलेल्या माणसाला एक वाक्य जुळवता येईना.

"विश्राम, चित्र सापडलं. ते मीच… मी काढून ठेवलं होतं. आईच्या फोटोत."

"हां," विश्राम म्हणाला. "मला माहीत आहे."

अहल्याबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"शनिवारी चक्कीवरून तीनला आलो," विश्राम शांतपणे सांगत होता. "तुमच्या खोलीचं बारणं उघडं होतं. तुम्ही जमिनीवर बसला होता, मांडीवर तुमच्या बांचा फोटो घेऊन. रडत होता. मी दळण ठेवून मागे चाली गेलो. कोणाचं रडणं बघू नये."

बाईंना ओट्यावरचं ते वाक्य आठवलं, 'घरातच असेल'. सावल्या मोजत त्या बडोद्याहून इंग्लंडपर्यंत जाऊन आल्या होत्या. समोर बसलेल्या माणसानं उत्तर हातात ठेवलं होतं, आणि त्यांनी ते गरिबाची समजूत म्हणून सोडून दिलं. इतकी शरम त्यांना आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

"मग बोलला का नाहीस?" पद्माकररावांचा आवाज फुटला. "देवेशनं तुला चोर म्हटलं, पोलिसांची धमकी दिली, एका शब्दानं सुटला असतास!"

"तुम्ही उभे होता ने तिथे," विश्राम म्हणाला. "मी कशाला बोलू? चौतीस वरसं तुमच्या घरचं तुम्ही बोलता, मी नाही बोलत. देवेशभाईंनी पेटी खोलली. मला वाटलं, आता बोलतील भाऊसाहेब. त्यांनी हिचं लुगडं काढून झटकलं, बधांच्या, सगळ्यांच्या देखत. वाटलं, आता तर बोलतीलच. मी तुमच्याकडेच बघत होतो. पूर्ण वखत तुमच्याकडेच बघत होतो."

पद्माकररावांनी दोन्ही हात जोडले. "माझी चूक झाली, विश्राम. फार मोठी चूक झाली. गुरुवारी मी येईन, पाहुण्यांसमोर सांगेन. तुझी खोली तशीच आहे. चल परत."

विश्रामनं त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बाईंना जरा बरं वाटलं असतं.

"गुरुवारी नका येऊ," तो म्हणाला. "तुम्ही आलात तर लोक विचारतील, कशाला आले, काय झालं होतं."

"आणि तू? तू येशील ना परत?"

विश्रामनं सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. मग खुर्ची पुन्हा एकदा पुसली.

"बसा, भाऊसाहेब," तो म्हणाला. "चहा घ्या, आणि मग निघा तुम्ही."